आज कोणी आले नाही

दारात पाण्याची बादली असायची, तिच्यात तरंगणारा प्लॅस्टिकचा मग, आणि बाजूला फुटक्या बशीत धुण्याच्या साबणाचा तुकडा. आमच्या गावच्या वाचनालयाची पाटी पार गंजून गेली होती. बाहेरच्या माणसानं पत्ता विचारला की लोक सांगायचे, "बादली दिसंल तिथं थांबा." हात धुतल्याशिवाय ग्रंथपाल अण्णा कोणाला उंबरा ओलांडू देत नसत. नुसते धुवून भागायचं नाही. दोन्ही हात पालथे-सुलटे करून त्यांना दाखवावे लागत.

नारायणगावापासून आत, मीना नदीच्या काठाला आमचं गाव. टोमॅटोच्या हंगामात गावातल्या प्रत्येकाच्या हातावर हिरवट काळा थर चढलेला असतो. तो झाडाचा असतो, साध्या पाण्यानं निघत नाही, भाकरीलाही त्याचा कडवट वास लागतो. अशा हातांनी पेपर चाळायला आलेला माणूस दारातच अडायचा.

"अण्णा, पेपर वाचायचाय राव, पंगतीला न्हाई बसायचं."

"पंगतीला तसाच बस. इथं धू."

"पेपर उद्या रद्दीतच जानार ना?"

"उद्या जाईल. आज नाही गेला."

माणूस चिडून पारावर जाऊन बसायचा आणि मोबाईल काढायचा. अण्णा आत येऊन स्टुलावर बसायचे. खुर्ची होती, पण तिला पाठ होती, आणि पाठ टेकली की माणूस झोपतो असं त्यांचं मत होतं. उन्हाळ्यातही अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. गाव त्यांना 'हातधुवे अण्णा' म्हणायचं, तोंडावरसुद्धा. तरुणपणी ते बाजारात मापाडी होते आणि काट्यावरून व्यापाऱ्याशी भांडून घरी आले, असं सांगतात. खरं-खोटं मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. विचारावं असा त्यांचा चेहरा नसायचा.

मी आठवीत असताना पहिल्यांदा तिथं गेले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीपर्यंतही पोचलेलं नव्हतं. वडील, म्हणजे आमचे नाना, मेंढरांमागे वाढले. आता वीसेक मेंढरं उरलीत, बाकी दुसऱ्याची जमीन वाट्यानं करतात. आई द्राक्षांच्या बागेत मणी विरळायला जाते. घरात छापील कागद म्हणजे खताच्या रिकाम्या पिशव्या आणि देवाच्या फोटोचं कॅलेंडर. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला राशिभविष्य असायचं, ते मी इतक्या वेळा वाचलं होतं की बाराही राशींचं तोंडपाठ होतं. हे मी अण्णांना सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी उठून एक पातळ पुस्तक काढून दिलं आणि म्हणाले, "हे एकदाच वाच."

पुस्तक परत न्यायचं तेव्हा ते एकच प्रश्न विचारायचे. "कुठं थांबलीस?"

पहिल्यांदा मला कळलंच नाही. मी म्हणाले, "थांबले न्हाई अण्णा, सगळं वाचलं." त्यांनी पुस्तक माझ्याच हातात परत ठेवलं. "मग वाचलं नाहीस. पुन्हा ने." त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक पुस्तकात माणूस कुठंतरी थांबतो, बोट पानावर ठेवून वर बघतो. ती जागा सांगता आली पाहिजे. का थांबलीस, ते त्यांनी कधीच विचारलं नाही. पान सांगितलं की मान हलवायचे आणि पुस्तक कपाटात लावायचे.

आणखी एक सवय होती त्यांची, आणि पुढचं सगळं तिच्यामुळे झालं, म्हणून ती सांगायला हवी. देवघेवीचं एक मोठं रजिस्टर होतं. कोणी कोणतं पुस्तक नेलं, कधी परत केलं, ते त्यात लिहायचं. मी आठवड्यातून दोनदा जायचे, त्या दिवशी माझी एक ओळ. दुसरं कोणी पुस्तक न्यायला येतच नसे; रोज नुसता पेपर वाचायला येणारे मिलिटरी आबा त्यात धरले जात नसत. मग बाकीच्या दिवशी अण्णा तारखेपुढे लिहायचे, 'आज कोणी आले नाही.' खाली सही. दुसऱ्या दिवशी पुन्हा, 'आज कोणी आले नाही.' पुन्हा सही. पानामागून पानं अशीच.

वाचनालयाचे अध्यक्ष म्हणजे गावातले मोठे द्राक्ष बागायतदार. मोकळा, हसरा माणूस. ते दर महिन्याला येऊन कपाळाला हात लावायचे.

"अहो अण्णा, पल्याडच्या गावचा लायब्ररीवाला घरी च्या पीत बसतो आन् महिन्याचं रजिस्टर एका बैठकीत भरतो. आन् तुमी? 'आज कोणी आले नाही'! साहेब तपासायला आल्यावर काय वाचनार हितं?"

"हेच वाचतील."

"हे वाचलं तर अनुदान बंद करतील."

"मग खरं वाचून बंद करतील."

"कसला मानूस हाय राव!" अध्यक्ष माझ्याकडे बघून म्हणायचे. "पोरी, तू तरी रोज येत जा गं!"

मला रोज जाता यायचं नाही, कारण दुपारची मेंढरं माझ्याकडे असायची. मी पुस्तक ओढणीत गुंडाळून बरोबर न्यायचे. नववीतली गोष्ट. ओढ्याच्या कडेला बसून वाचत होते, आणि दहा हातांवरच्या उसातून बिबट्यानं येऊन एक कोकरू उचललं. मला आवाजसुद्धा आला नाही. मेंढरं उधळली तेव्हा मी वर बघितलं.

आई रडली ती कोकरासाठी नव्हे. नाना रडले नाहीत, मला मारलंही नाही. त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, फडक्यात बांधलं आणि घराच्या आढ्याला टांगलं. म्हणाले, "कोकरू यानं खाल्लं. ऱ्हाऊ दे हितंच."

महिना झाला तरी ते गाठोडं तसंच लोंबत होतं. मी वाचनालयाकडे फिरकले नाही. मग एक दिवस अण्णाच घरी आले. दारात थांबून आधी हात धुवायला पाणी मागितलं. आईला वाटलं, जेवायलाच आले, आणि ती चुलीकडे धावली. नानांनी त्यांना सगळं सांगितलं आणि आढ्याकडे बोट केलं. अण्णांनी वर बघितलं, बराच वेळ.

"मग आता काय करायचं म्हणता?" त्यांनी विचारलं.

नाना विचार करून म्हणाले, "आमच्यात ज्याच्या चुकीनं जितराब जातं, त्यानं एक दिस कळप राखायचा आस्तो. पोरीनं तर राखलाच, रोज राखती. पुस्तक तुमचं हाय. तवा तुमी राखा."

मला वाटलं, आता भांडण होणार. अण्णा म्हणाले, "कुठल्या वारी?"

त्या दिवशी वाचनालयाच्या दारावर चिठ्ठी लागली होती : 'ग्रंथपाल मेंढरे राखण्यास गेले आहेत. आज वाचनालय बंद.' सगळं गाव ती चिठ्ठी वाचायला आलं. त्या वाचनालयात एका दिवसात एवढे वाचक मी कधी पाहिले नव्हते. आणि इकडे अण्णा स्वेटर घालून ओढ्याकाठी उभे. मेंढरं त्यांना जुमानत नव्हती. अध्यक्षांच्या कांद्यात घुसली, अण्णांची एक चप्पल चिखलात गेली ती मिळालीच नाही. संध्याकाळी नानांनी मेंढरं मोजून घेतली. अण्णांनी हात धुतले, गाठोडं सोडवून पुस्तक घेतलं, सगळी पानं चाळून बघितली आणि नानांच्या समोरच माझ्या हातात दिलं. "राहिलंय ना अजून?"

ते गेल्यावर नाना म्हणाले, "येडा हाय. पन खोटा न्हाई." नंतर मेंढरांची पाळी माझ्या धाकट्या बहिणीशी वाटून दिली. माझ्या वाट्याला आठवड्यातल्या चार दुपारी आल्या.

पण आईची भीती गेली नाही. वाचनालयापासून आमच्या वस्तीपर्यंत वाट दोन्ही बाजूंनी उसातली आहे. आमच्या भागात दिवस कलल्यावर अशा वाटेनं कोणी गप्प जात नाही. कोणी मोबाईलवर गाणी लावतं, कोणी ताट वाजवतं. माणसाचा आवाज आला की बिबट्या सहसा बाजूला होतो. अण्णा मला वस्तीपर्यंत पोचवायला यायचे आणि ते काठी आपटायचे, पण आवाज माझा हवा असायचा. "वाच," म्हणायचे. मी चालता चालता पुस्तकातलं मोठ्यानं वाचायचे.

"मोठ्यानं. पलीकडच्या सरीत ऐकू गेलं पाहिजे."

एकदा एका गोष्टीत मुलीची आई मरते ते पान आलं आणि माझा आवाज बसला. अण्णा मागून ओरडले, "रडायचंय तर मोठ्यानं रड! बारीक आवाजात रडू नको इथं!" मी रडत, ओरडत ते पान वाचलं. वस्तीवरची माणसं बाहेर येऊन उभी होती. ट्रॅक्टर घेऊन येणारा एक जण म्हणाला, "अण्णा, तुमच्या बिबट्याला धाव्वीला बसवा औंदा. पास हुईल."

मी ही सगळी गंमत सांगत बसले आहे, कारण पुढचं सांगायचं मला जड जातं.

मी बारावीत असताना तपासणीचं पत्र आलं. अध्यक्ष ते घेऊन वाचनालयात आले आणि या वेळी हसले नाहीत. वाचकांच्या नोंदी नाहीत, तर वाचनालय चालू ठेवायचं कारण काय, असा त्या पत्राचा अर्थ होता. "अण्णा, दार बंद व्हनार," ते म्हणाले. अण्णांनी पत्र घडी करून फायलीत लावलं. एवढंच.

मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. माझ्यासाठी जगात पुस्तकांची तेवढी एकच जागा होती. घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालेलं होतं, आणि बारावी झाल्यावर मी पुढं शिकणार की नाही, हेही ठरलेलं नव्हतं. ती खोली बंद झाली तर माझं काय होईल, हे मला दिसत होतं. दुसरं काहीच मला दिसत नव्हतं.

तेवढ्यात अण्णांच्या मुलाचं पुण्याला ऑपरेशन निघालं. मुलगा आंबेगाव तालुक्यात, घोडेगावला असतो. अण्णांना आठ दिवस दवाखान्यात थांबावं लागणार होतं. त्यांनी किल्ली माझ्याकडे दिली. "तीनला उघड, साडेपाचला लाव. बादली रोज भर. रजिस्टरमध्ये जे होईल ते लिही."

पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. मी तारीख घातली आणि पेन हातात धरून बसले. मग कपाटातून सभासदांची यादी काढली. वाचनालय सुरू झालं तेव्हा घरटी एक नाव घेऊन ती केलेली होती. त्यातलं एक नाव मी रजिस्टरमध्ये लिहिलं आणि त्याच्यापुढे एक पुस्तक.

एकदा लिहिल्यावर हात थांबेना. मी नुसती नावं भरली नाहीत. प्रत्येकाला कोणतं पुस्तक आवडेल याचा विचार केला. पंप दुरुस्त करणाऱ्याला विहिरींचं पुस्तक दिलं. ज्यांचं सुनेशी पटत नव्हतं, त्या काकूंना एका बाईचं आत्मचरित्र दिलं. पैलवानकी सोडून दारूला लागलेल्या एकाला कुस्तीगीराच्या आठवणी. चार दिवसांनी ती परत आल्याचं लिहिलं आणि दुसरी दिली. काहींना मी ओळखत नव्हते, नुसतं नाव होतं. त्यांना अंदाजानं दिली. विठ्ठल सखाराम अशा नावाचे एक होते. वरच्या वाडीचे असतील असं समजून त्यांना एक समुद्रप्रवासाचं पुस्तक दिलं, आणि ते परत घेऊन एक जाडजूड कादंबरी. खरं सांगायचं तर ते आठ दिवस मी फार सुखात होते. पानावर सगळं गाव वाचत होतं.

अण्णा परत आले तेव्हा त्यांनी रजिस्टर उघडलं. मी दारात बादली भरत होते. त्यांनी चष्मा वर-खाली केला, पानं उलटली, एका पानाला पट्टी लावली आणि काढून घेतली. त्यांना मोतीबिंदू होता, वाचताना पान नाकाजवळ न्यावं लागे. मला वाटलं, त्यांना नीट दिसलंच नसावं. त्यांनी प्रत्येक पानाच्या तळाशी सही केली आणि रजिस्टर मिटलं. मला काही विचारलं नाही. मी सुटले असं वाटून घरी गेले.

दोन दिवसांनी तपासणीला साहेब आले. चांगला माणूस होता. बादली बघून स्वतःहून हात धुतले. रजिस्टर चाळताना त्यांच्या कपाळावर आठ्या पडत गेल्या, आणि शेवटच्या पानांवर येऊन त्या गेल्या. "अरे वा," ते म्हणाले. "आता सुरुवात झालेली दिसते. दोन-तीन वाचकांना बोलवा बरं. मी जरा गप्पा मारतो." आणि पानावर बोट ठेवून त्यांनी नाव वाचलं, "हे... विठ्ठल सखाराम. यांनी दोन पुस्तकं नेली आहेत."

ग्रामपंचायतीचा शिपाई दाराशी उभा होता. तो इकडे-तिकडे बघून म्हणाला, "साहेब, त्यो तर गेला. आपला मिलिटरी आबा. आमी दहावा जेवलोय त्याचा."

विठ्ठल सखाराम म्हणजे मिलिटरी आबा, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

आमच्याकडे माणसाचं कागदावरचं नाव कोणाच्या तोंडात नसतं. ते रेशनकार्डावर असतं आणि मुलीच्या लग्नपत्रिकेत. एरवी माणूस आबा असतो, मिस्त्री असतो, ड्रायव्हर असतो. फौजेतून आलेले म्हणून ते मिलिटरी आबा. लहान पोरांपासून त्यांच्या बायकोपर्यंत सगळे तेच म्हणायचे. ते रोज तीनला वाचनालयात येऊन पेपर वाचायचे. अण्णांचे शाळेपासूनचे सोबती, एकमेकांशी फारसं न बोलणारे. पुस्तक त्यांनी कधी नेलं नाही. दोन महिन्यांपूर्वी ते गेले तेव्हा मी आईबरोबर त्यांच्या दहाव्याला नदीवर गेले होते. आणि त्यांच्याच नावावर मी पुस्तकं लिहिली होती.

कोणीतरी मागे हसलं. साहेबांनी तारीख पुन्हा वाचली. मग हळू विचारलं, "ही नोंद कोणी केली?"

मी बादलीजवळ उभी होते. तोंड उघडलं होतं मी, हे मला नक्की आठवतं. आवाज आला नाही.

"सही माझी आहे," अण्णा म्हणाले. "नोंद माझी."

अध्यक्ष त्यांच्याकडे बघतच राहिले. ज्या माणसानं वर्षानुवर्षं एक खोटी ओळ लिहिली नाही, त्यानं मेलेल्या सोबत्याच्या नावावर पुस्तकं लिहिली, हे त्यांना खरं वाटत नव्हतं. पण साहेबांना खरं वाटलं. मग आधीची सगळी पानंही संशयात आली. 'आज कोणी आले नाही' हे सुद्धा.

महिन्याभरात कमिटीनं अण्णांना काढलं. वाचनालय बंद झालं. खोलीत दूध संकलन केंद्र आलं. पुस्तकं टोमॅटोच्या क्रेटमध्ये भरून शाळेच्या अडगळीच्या खोलीत टाकली. खिडकीतून क्रेट दिसतात, एकावर एक. गावात अण्णांना नवीन नाव पडलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही. हात धुवायला लावणारा म्हणून चिडवत होते तेव्हा त्यात थोडं प्रेम तरी होतं. ते वस्तीवरून जाताना नाना ओट्यावरून उठून आत गेले, हे मी पाहिलं. 'खोटा न्हाई' म्हणणारे माझे नाना. तेव्हाही मी बोलले नाही. थोड्या दिवसांनी अण्णा घोडेगावला मुलाकडे राहायला गेले.

माझं लग्न तेव्हा टळलं. बारावीला बरे मार्क पडले आणि नाना म्हणाले, जा. आता मी ओतूरला कॉलेजात आहे. तिथं मोठी लायब्ररी आहे, कार्ड दाखवलं की पुस्तक मिळतं, कोणी काही विचारत नाही. पहिलं वर्ष मी फक्त अभ्यासाचीच पुस्तकं नेली. दुसरं पुस्तक हातात घेतलं की परत फळीवर ठेवून द्यायचे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आधी अध्यक्षांकडे गेले, कारण अण्णांकडे जायची हिंमत नव्हती. ते बागेत होते. मी एका दमात सांगितलं. नोंदी मी केल्या, अण्णांनी नाही.

ते कात्री हातात धरून थांबले. मग म्हणाले, "अगं, आता त्याचं काय! झालं गेलं. आन् खरं सांगू का, डेरीला ती खोली पायजेच व्हती."

"पण अण्णांचं नाव खराब झालं ना."

"म्हाताऱ्याचं नाव कशाला खराब व्हतंय? चार म्हैन्यात लोक इसरलं. तू शिक चांगली. च्या घेऊन जा."

मला वाटलं होतं, ते रागावतील, सभा घेतील, निदान कोणाला तरी सांगतील. मी चहा घेतला आणि निघाले.

मग नानांना सांगितलं. ते उठून मेंढरं मोजायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "त्यांच्याकडं जाऊन यी."

नारायणगावला गाडी बदलून, मंचरला पुन्हा बदलून, घोडेगावला पोचले तेव्हा दुपार झाली होती. दोन खोल्यांचं घर. अण्णा बाहेरच्या खोलीत कॉटवर भिंतीला पाठ टेकून बसले होते. स्वेटर तोच. समोर टीव्हीवर हिंदी मालिका चालू होती, आवाज बंद करून. खोलीत एकही पुस्तक नव्हतं. मी पुढे जाऊन नाव सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ओळखलं. बस."

मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं.

"माहिती आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"मी आलो त्याच दिवसापासून. मोतीबिंदू होता, आंधळा नव्हतो. आणि आमच्या गावात आठ दिवसांत चाळीस माणसं पुस्तकं नेतील, हे आंधळ्यालासुद्धा कळलं असतं."

"मग तुम्ही ती पानं फाडली का नाहीत?"

सूनबाई चहा ठेवून आत गेली. मग ते बोलायला लागले, सावकाश, जणू दुसऱ्या कोणाचं सांगताहेत.

"फाडायलाच घेतली होती. पट्टी लावली पानाला. तेवढ्यात त्याचं नाव दिसलं. तुला माहीत नव्हतं, पण मला ते नाव शाळेच्या हजेरीपासून माहिती. मंगळवारी येऊन पुस्तक नेलं, असं लिहिलेलं. शनिवारी परत केलं, दुसरं नेलं. मी त्याला खांदा दिलेला आहे. पण लिहिलेलं होतं की तो आला होता." चहाचा कप त्यांनी उचलला आणि परत ठेवला. "ते पान मला फाडता येईना. आणि एक पान ठेवून बाकीची फाडायची, हे काही खरं नव्हे. म्हणून सगळ्यांवर सही केली. तुझ्यासाठी केली नाही. तसं समजू नकोस."

मी म्हणाले, "मी साहेबांच्या कार्यालयाला पत्र लिहिते. सगळं कळवते."

"लिही. पण साहेबांनी विचारलं तेव्हा सही कोणाची होती, ते तरी तुला बदलता येतंय का?"

मी मान हलवली. नाही.

"पहिलं पुस्तक त्याला बरं दिलं होतंस," ते एकदम म्हणाले. "समुद्राचं. वाचलं असतं त्यानं. दुसरं झेपलं नसतं. दहाव्या पानावर टाकलं असतं."

मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं, या वेळी मोठ्यानं रड म्हणाले नाहीत. मी डोळे पुसल्यावर म्हणाले, "कॉलेजात पुस्तकं मिळतात ना? ने. माझ्यापायी बंद ठेवू नकोस, मला त्याचा काही उपयोग नाही."

मी पुढच्या सुट्टीत पुन्हा येईन, म्हणाले. चष्म्याची आता नवी काडी होती. ती त्यांनी उगीच चाचपली.

"नको येऊ. तुझ्यावर राग नाही. पण तू समोर आलीस की मला माझीच सही दिसते."

ते मला सोडायला दारापर्यंत आले. रस्त्यावर वाहनं चालली होती. मंचरची गाडी कुठं थांबते, ते त्यांनी हातानं दाखवलं, आणि मी वळायच्या आत ते आत गेले.

इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. म्हणून मी पुन्हा गेलेले नाही.